२४० ॲफिलिएट, विक्री १५ जणांची: कमिशन वाढवायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कोल्हापूरजवळ लाकडी घाण्याचं तेल आणि मसाले बनवता, स्वतःच्या वेबसाइटवर विकता, दहा महिन्यांपूर्वी ॲफिलिएट प्रोग्राम काढला (म्हणजे लोकांनी तुमची लिंक पसरवायची आणि तिथून ऑर्डर आली की कमिशन घ्यायचं), २४० जणांनी नाव नोंदवलं पण विक्री आणतात १५ च जण, सगळ्यांना सरसकट १० टक्के कमिशन आहे ते १५ करू का, की सगळं एखाद्या नेटवर्ककडे, म्हणजे ॲफिलिएट सांभाळणाऱ्या मधल्या कंपनीकडे, देऊन मोकळा होऊ. मी अकरा वर्षं पुण्यात बसून हेच काम करतेय, आधी कपड्यांच्या ब्रँडसाठी, मग खाण्यापिण्याच्या, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तो २४० आणि १५ चा आकडा डोक्यातून काढा. फुकट नाव नोंदवता येतं म्हणून लोक नोंदवतात, लिंक घेतात, एकदा स्टेटसला टाकतात आणि विसरतात, हे सगळीकडे असंच असतं. खरा प्रश्न ते २२५ गप्प का आहेत हा नाहीच. खरा प्रश्न, ते १५ जण विक्री आणतात म्हणजे खरंच आणतात का?

मार्केट यार्डात दलाल असतो बघा, तो गिऱ्हाईक आणतो, त्याची दलाली त्याला मिळते, कुणाची तक्रार नाही. पण समजा एक जण तुमच्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून "ह्यांना मी आणलं" म्हणायला लागला, तर तुम्ही त्याला दलाली द्याल का? ऑनलाइन आपण ती आरामात देतो, कारण सॉफ्टवेअरला फक्त शेवटची क्लिक दिसते. शेवटी ज्याच्या लिंकवरून माणूस आला त्याच्या नावावर ऑर्डर, बाकी कुणी काय केलं ते गेलं उडत. तुमच्या त्या १५ मध्ये पायरीवर उभे असलेले किती आणि गावातून गिऱ्हाईक घेऊन येणारे किती हे वेगळं काढल्याशिवाय कमिशन वाढवणं म्हणजे पायरीवाल्यालाच पगारवाढ.

हे मी अनुभवाने बोलतेय. एका दिवाळीला आम्ही जोशात येऊन सगळ्यांचं कमिशन तीन आठवड्यांसाठी दीडपट केलं. ॲफिलिएटच्या नावावरची विक्री धडाधड वाढली, आम्ही खूश, आणि महिनाअखेरीला एकूण विक्री बघितली तर ती गेल्या दिवाळीइतकीच. मग वाढलं काय? तर जी ऑर्डर एरवी थेट आली असती ती कूपन साइटवरून फिरून आली, सूटही आम्ही दिली आणि कमिशनही आम्हीच दिलं.

ह्याचं कारण तुमच्या स्वतःच्या चेकआउट पानावर आहे. गिऱ्हाईकाने तेलाचा पाच लिटरचा डबा कार्टमध्ये टाकला, पत्ता भरला, आणि समोर मोठ्ठा रिकामा चौकोन, "कूपन कोड टाका". आता आपला माणूस असा चौकोन रिकामा सोडेल का हो? तो लगेच नवीन टॅब उघडणार, तुमच्या ब्रँडचं नाव आणि पुढे कूपन असं सर्च करणार, कूपन साइट उघडणार, तिथे "कोड बघा" वर टिचकी मारणार, त्या टिचकीसरशी त्यांची लिंक चालू आणि ऑर्डर त्यांच्या खात्यात. कोड चालला काय, न चालला काय, कमिशन पडतंच.

हे पकडायचं कसं तर ऑर्डरच्या एक्सेल शीटमध्ये दोन वेळा शेजारी शेजारी लावा, माल कार्टमध्ये कधी पडला आणि ॲफिलिएटची क्लिक कधी झाली. क्लिक कार्टच्या नंतरची असेल तर त्या माणसाने गिऱ्हाईक आणलेलं नाही, एवढं साधं आहे. रेसिपी बघून येणारा माणूस आधी क्लिक करतो, मग पाच-दहा मिनिटं तुमच्या साइटवर फिरतो, शेंगदाणा घेऊ का करडई असा घोळ घालतो, मग ऑर्डर देतो. बहुतेक दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ह्या दोन्ही वेळा मिळतात, नसतील मिळत तर डेव्हलपरच्या मागे लागा, दुसरं काही काम थांबवून लागा.

लगेच कूपनवाल्यांना हाकलून द्या असं मी म्हणत नाही, त्यांचाही उपयोग असतो, नवीन गिऱ्हाईक तिथूनही येतं. फक्त त्यांचा दर वेगळा ठेवा, २-३ टक्के, आणि तोही पहिल्यांदा खरेदी करणाऱ्यावरच. आणि तो चौकोन "कोड आहे?" अशा बारीक लिंकमागे दडवा, किंवा तुमचीच एखादी सूट तिथेच दाखवून टाका म्हणजे माणूस बाहेर जाणारच नाही. हा बदल एका दुपारचा आहे.

ब्राउझरमध्ये बसून आपोआप कोड शोधणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं, म्हणजे कूपनच्या एक्स्टेन्शनचं, तर आणखी पुढचं प्रकरण. हनी नावाचं एक्स्टेन्शन पेपालने २०२० च्या सुरुवातीला सुमारे ४ अब्ज डॉलरला घेतलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एका युट्यूबरने व्हिडिओ टाकून आरोप केला की ते शेवटच्या क्षणी दुसऱ्या ॲफिलिएटची लिंक काढून स्वतःची बसवतं. कंपनीने आरोप फेटाळले, तिकडे कोर्टात केसेसही पडल्या. खरंखोटं कोर्ट बघेल, पण ज्या युट्यूबरने दहा मिनिटांचा व्हिडिओ करून तुमचं तेल समजावून सांगितलं त्याच्या पोटात काय कालवलं असेल ते बघा. तो माणूस पुन्हा तुमचं नाव घेईल का?

आता पैशाचा हिशोब, कारण १५ टक्के तुम्हाला परवडतात का हेच तुम्ही लिहिलेलं नाही. जीएसटी बाजूला ठेवून ८०० रुपयांची ऑर्डर धरा. तुमच्यासारख्यांची मालाची किंमत ५५ टक्के धरली तर ४४०. गिऱ्हाईकाला कोडवर १० टक्के सूट, म्हणजे हातात येणार ७२०. त्यातून ४४० गेले, राहिले २८०. तेलाचं कुरियर आणि पॅकिंग, बाटली गळू नये म्हणून बबल रॅप, सगळं मिळून ११० धरा, राहिले १७०. पेमेंट गेटवेचे १५, राहिले १५५. १० टक्के कमिशन म्हणजे ७२, उरले ८३. १५ टक्के केलंत तर १०८ जाणार आणि उरणार ४७. ह्यातून पगार, वीज, परत आलेल्या कॅश ऑन डिलिव्हरीचा दोन्हीकडचा कुरियर खर्च. सरसकट १५ म्हणजे मेहनत तुमची आणि पोट दुसऱ्याचं. पण तेच १५ टक्के फक्त नवीन गिऱ्हाईकावर दिले, आणि ते गिऱ्हाईक पुढे दर दीड महिन्याला डबा मागवणार असेल, तर आनंदाने द्या, मी तर पहिल्या ऑर्डरला २० पण दिलेत. जुन्या गिऱ्हाईकाच्या ऑर्डरवर ४-५ पुरे. कमिशन नेहमी सूट वजा जाता, कुरियर सोडून, हातात आलेल्या रकमेवर काढायचं, हे आधीच अटींमध्ये लिहा, नाहीतर पुढे वाद ठरलेला.

मग खरे आणणारे कोण, तर तुमच्या धंद्यात ते बहुतेक रेसिपीवाले, आहाराबद्दल लिहिणारे, आणि सोसायटीच्या ग्रुपवर ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा बायका. ह्यांना डॅशबोर्ड, क्लिक रेट वगैरे भाषेत मेल पाठवू नका, फोन करा. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या, मराठीत साध्या रेसिपी टाकायच्या, फॉलोअर फार नव्हते पण त्यांच्या नावाच्या सवलतीच्या कोडवरून महिन्याला तीस-चाळीस ऑर्डर यायच्या आणि त्यातलं एकही पार्सल परत यायचं नाही. एका महिन्यात एकदम शून्य. आमच्या ऑफिसातल्या पोराने शेऱ्यात "इनॲक्टिव्ह" लिहून टाकलं. मी सहज फोन केला तर बाई म्हणाल्या, "अहो, तुमचा कोडच चालत नाही, तीन जणी मला म्हणाल्या, मला मेलं लाजल्यासारखं झालं, म्हणून मीच बंद केलं." कोड ३१ मार्चला एक्सपायर झाला होता आणि आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे, पहिल्या वीस जणांचे कोड दर सोमवारी कुणीतरी स्वतः टाकून बघायचे. तुमच्या २२५ गप्प लोकांतसुद्धा असे पाच-दहा नक्की असतील, ज्यांनी एकदा प्रयत्न केला, ऑर्डर दिसली नाही, आणि सोडून दिलं.

ऑर्डर न दिसण्याचं कारण बऱ्याचदा फोनमध्ये असतं. इन्स्टाग्रामवर लिंक दाबली की ती इन्स्टाच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते, कुकी, म्हणजे माणूस कुणाच्या लिंकवरून आला ती ब्राउझरमधली छोटी नोंद, तिथे बसते, माणूस बघतो, बंद करतो, रात्री नवऱ्याला विचारून क्रोममधून ऑर्डर देतो, आणि क्रोमला त्या कुकीचा पत्ता नसतो. आयफोनवर सफारी तर २०१९ पासून जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी सात दिवसांत पुसून टाकतं, काही लिंकच्या बाबतीत एका दिवसात, त्यामुळे तुम्ही अटींत ३० दिवसांची कुकी लिहिली असली तरी ती कागदावरच. म्हणून आपल्याकडे लिंकपेक्षा नावाचा कोड बरा. सोपा, मराठी माणसाला फोनवर सांगता येईल असा, आणि एका माणसाला एकच. कोड कूपन साइटवर गळला तर महिन्याभरात कळतं, कारण अचानक दिल्ली-लखनौकडून ऑर्डर यायला लागतात, मग तो बदलून द्यायचा, पण आधी त्या माणसाला सांगून. डेव्हलपर बरा असेल तर ऑर्डर झाल्याची नोंद सर्व्हरकडून सर्व्हरला पाठवायची सोय करून घ्या, ब्राउझरवर कमी विसंबावं लागतं.

कुकी किती दिवसांची हा प्रश्न लोक फार चघळतात. ॲमेझॉनने १९९६ मध्ये असोशिएट्स नावाचा ॲफिलिएट प्रोग्राम काढला, तो ह्या धंद्यातला सगळ्यात ओळखीचा प्रोग्राम, आणि त्यांची कुकी साधारण २४ तासांची आहे, तरी लोक लायनीत उभे असतात. तुमच्या मालाला ७ ते १५ दिवस भरपूर. तेल घ्यायला कुणी महिनाभर विचार करत नाही.

फसवणुकीबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या आकारात ती कमी असते, पण असते. एक म्हणजे ॲफिलिएट तुमच्याच ब्रँडच्या नावावर गूगलला जाहिरात लावतो, लोक तुम्हाला शोधत असतात आणि पहिली लिंक त्याची. हे लोक हुशार असतात, जाहिरातीतून कोल्हापूर वगळतात आणि रात्री दहानंतर चालू करतात, म्हणजे तुम्ही ऑफिसात बसून कितीही सर्च करा, काही दिसणार नाही. नागपूर नाहीतर बंगलोरच्या एखाद्या मावसभावाला रात्री अकराला सर्च करून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. दुसरं, कुकी भरणं, माणसाने काही दाबलेलंच नसताना गुपचूप कुकी टाकून ठेवायची आणि तो कधी ना कधी खरेदी करेल म्हणून वाट बघायची. ईबे ह्या ऑनलाइन बाजाराच्या सगळ्यात मोठ्या ॲफिलिएटने ह्याच मार्गाने सुमारे २.८ कोटी डॉलर कमिशन खाल्लं होतं, २००८ मध्ये ईबे कोर्टात गेलं आणि २०१४ मध्ये त्याला तुरुंगवास झाला. म्हणजे टॉपचा ॲफिलिएट म्हणून ज्याचे लाड चालले होते तोच चोर निघाला. खूण एकच, क्लिक हजारोंनी आणि ऑर्डर नावाला. तिसरं आपलं देशी, स्वतःच्या कोडवर नातेवाइकांच्या नावाने कॅश ऑन डिलिव्हरी मागवायची आणि दारात नाकारायची. त्याला उपाय म्हणजे पार्सल पोचून परतीची मुदत संपल्यावरच कमिशन पक्कं करायचं.

पण तुमच्या धंद्यात चोरीपेक्षा मोठा धोका वेगळाच आहे आणि तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाहीये. घाण्याचं तेल म्हटलं की लोकांच्या तोंडाला लगाम राहत नाही. "हार्टचे ब्लॉकेज गेले", "शुगर नॉर्मल झाली", असं एखादा ॲफिलिएट रीलमध्ये ठोकून देतो, खाली तुमची लिंक. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह, हृदयरोग, रक्तदाब सगळं आहे. एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचे, जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम वेगळे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा झाली तर ५० लाखांपर्यंत दंड आहे, तो बनवणाऱ्यालाही होऊ शकतो आणि जाहिरात करणाऱ्यालाही. "आम्ही सांगितलं नव्हतं, तो स्वतःच बोलला" हे तिथे चालेल ह्या भरवशावर राहू नका. मी काय करते, प्रत्येक नव्या ॲफिलिएटला एक पानभर मराठीत लिहून देते, काय बोलायचं आणि काय अजिबात नाही. बोलायचं ते म्हणजे दाणे कुठून येतात, घाणा कसा चालतो, वास कसा येतो, तळताना फेस का येतो, डबा किती दिवस टिकतो. आजाराचं नाव काढायचं नाही, एवढी एक ओळ ठळक. आणि कमिशन मिळतंय हे लपवायचं नाही, ॲस्कीचे, म्हणजे जाहिरातवाल्यांच्या स्वनियमन संस्थेचे, नियम जून २०२१ पासून आहेत, सरकारची मार्गदर्शिका जानेवारी २०२३ ची. रील मराठीत असेल तर तेही मराठीतच सांगा, "ही जाहिरात आहे, ह्या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं". लोकांना त्याचं काही वाटत नाही, उलट विश्वास बसतो. आठवड्यातून एकदा तुमचं ब्रँडनाव युट्यूब आणि इन्स्टावर शोधायचं काम कुणालातरी लावा.

पैसे वेळेवर द्या. हे इतकं साधं आहे आणि इथेच सगळे माती खातात. तारीख ठरवा, समजा दर महिन्याची १०, आणि त्या दिवशी पडलेच पाहिजेत, मग ३४० रुपये असोत का ३४ हजार. पाचशे-हजाराच्या खाली देत नाही असल्या अटी घालून लहान माणसाला लटकवू नका, यूपीआयच्या जमान्यात ३४० पाठवायला काय लागतं. नाकारलेली प्रत्येक ऑर्डर कारणासकट दाखवा, पार्सल परत आलं, पैसे परत केले, जुनं गिऱ्हाईक होतं, जे असेल ते. टीडीएसचं आधी सांगून ठेवा. कमिशनवर आता २ टक्के कापला जातो, ऑक्टोबर २०२४ आधी ५ होता, आणि वर्षाला २०,००० च्या वर गेल्यावर, ही मर्यादा एप्रिल २०२५ आधी १५,००० होती. पॅन दिला नाही तर २० टक्के कापावा लागतो, म्हणून नाव नोंदवतानाच पॅन घ्या. तुम्हाला स्वतःला कापणं लागू आहे का ते तुमच्या सीएला विचारा, छोट्या प्रोप्रायटरशिपला सूट असते. हे न सांगता कापलंत की समोरच्याला वाटतं चोरलेच.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की ॲफिलिएटने ॲफिलिएट आणला तर त्यालाही वरकड द्या, खाली साखळी वाढेल. एका पातळीच्या पुढे जाऊ नका. डिसेंबर २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केलेली आहे, साखळी योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा त्याआधीपासून आहेच, आणि आपल्याकडे गावोगाव लोक साखळीत इतके पोळलेत की नुसता वास आला तरी चांगली माणसं पळतात. ओळख करून दिली म्हणून एक डबा तेल पाठवा, छान पत्र घालून. नाव नोंदवायला पैसे तर चुकूनही घेऊ नका.

आता नेटवर्क. क्यूलिंक्स, अर्नकरो, ॲडमिटॅड वगैरे आहेत, त्यांच्याकडे तयार गर्दी आहे, ट्रॅकिंग बरं आहे, हजार जणांना पैसे द्यायची कटकट वाचते. पण ते त्यांचा हिस्सा घेणार, वरच्या हिशोबात तो बसतो का बघा, आणि त्यांची गर्दी मुख्यतः डील आणि कॅशबॅकवाली, म्हणजे पुन्हा तेच पायरीवरचे लोक. मोबाइल, बूट, सगळ्या देशभर चालणारा माल असेल तर नेटवर्क घ्या. तुमचं तेल विकणारी माणसं सांगली, साताऱ्यात आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आहेत, ती कुठल्याच नेटवर्कवर सापडणार नाहीत. मी तुमच्या जागी असते तर पंधरा-वीस माणसं स्वतः सांभाळली असती, आठवड्याचे सहा-सात तास जातात, जास्त नाही. ते तास मात्र घरच्या माणसाचे हवेत, एजन्सीच्या ट्रेनीचे नाही, कारण समोरून "ह्या वेळी करडईचा वास वेगळा का येतोय" असं विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

बाकीच्या २२५ ना एकच मेसेज पाठवा, मेल नाही, व्हॉट्सॲप, "तुमचा कोड चालू आहे, नमुन्याची बाटली पाठवू का, पत्ता द्या". वीस-पंचवीस जण पत्ता देतील, त्यांच्यावर काम करा. उरलेल्यांची लिंक बंद करून टाका, निष्कारण पडून राहिलेल्या लिंका पुढे कुणाच्या तरी हातात जातात. आणि हे पावसाळ्यातच उरका, कारण फराळाचं तेल लोक दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी भरतात आणि रेसिपीवाल्या बायका चकलीचे व्हिडिओ त्याच्याही आधी शूट करून ठेवतात, ऑक्टोबरमध्ये बाटली पाठवली तर ती त्यांच्या चकलीत पडणारच नाही.

तर आधी ती कार्टची आणि क्लिकची वेळ काढा, गेल्या तीन महिन्यांची, त्या १५ जणांची. मला वाटतं त्यातले चार-पाच कूपनवाले निघतील आणि निम्म्याहून जास्त कमिशन तेच नेत असतील. आकडे आले की कळवा, मग १५ टक्के कुणाला द्यायचे ते नावानिशी बसून ठरवू.